सव्वीस हजार ऐकणारे

माझ्या नवऱ्याचा, चिरागचा, पहिला अल्बम फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आला आणि होळीनंतरच्या सोमवारी गेला. मधल्या महिन्याभरात जे झालं, त्यात माझीही चूक आहे, म्हणून मीच सांगते.

चिराग नाखवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. वय एकोणचाळीस. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमध्ये घरोघरी जाऊन गिटार शिकवतो, गेली बारा वर्षं. स्वतः वाजवतो ते ब्लूज-रॉक, आणि गातो मराठीत. लग्नाआधी मला यातलं काही कळायचं नाही. तेच तीन कॉर्ड फिरून फिरून येतात आणि गाणारा आपलं दुखणं सांगत बसतो, एवढंच वाटायचं. मग एकदा मी रक्त तपासायच्या लॅबमधून, माझ्या कामावरून, दमून आलेले आणि हा आत एकटाच गात होता. मी चपला न काढता दारात उभी राहिले, गाणं संपेपर्यंत. तेव्हापासून त्याच्या गाण्याला नावं ठेवणं मी सोडलं.

त्याचा बँड होता. एकेक जण नोकरीला लागला आणि बँड सुटला. मग ड्रम, बेस, गिटार, आवाज, सगळं त्याने एकट्यानेच करायचं ठरवलं. आम्ही टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतलेला. आमच्या मजल्यावर बाकीच्या दारांना कुलुपं होती, त्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हतं. गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, अ‍ॅम्प, बाथरूममध्ये, बेडरूमच्या भिंतींना माझ्या आईच्या गोधड्या. वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं की काम बंद. असं करत सात वर्षांत आठ गाणी झाली. अल्बमचं नाव 'ओहोटी'.

आठवं गाणं त्याच्या वडिलांवर होतं. माझे सासरे, गुणाजी, चाळीस वर्षं खाडीत होडी घेऊन जायचे. अकरा वर्षांपूर्वी एक दिवस त्यांनी होडी विकून टाकली. कोणाला विचारलं नाही, काही सांगितलं नाही. खाडीत मासळी उरली नाय, एवढंच म्हणाले. पण बाकीचे जात होतेच. चिराग लहानपणापासून त्यांच्याबरोबर पाण्यावर गेलेला. त्याला ते फार लागलं. त्याने मनाशी धरलं की बाप घाबरला. बाप-लेकातलं बोलणं त्या वर्षी तुटलं ते तुटलंच. सासूबाई, सगुणा, होत्या तोवर दोघांच्या वतीने त्याच बोलायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मग आम्ही रविवारी चेंदणीला जायचो, मी जेवण करायचे, बाबा जाळं विणत बसायचे आणि चिराग फोनमध्ये बघत बसायचा.

गाण्यात असं होतं:

बापानं होडी विकली, पाण्याला पाठ दिली
पाणी होतं तिथंच राहिलं, बापाची छाती गेली

मी त्याला म्हटलेलं, हे बाबा ऐकतील. तो म्हणाला, त्यांनी आजवर माझं एक तरी गाणं ऐकलंय का? हे खरं होतं. चिरागने गिटार हातात घेतली की बाबा उठून खाडीकडे निघून जायचे.

एकट्या कलाकाराची गाणी मोबाइलच्या सगळ्या अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपन्या असतात. त्यांना गाणी द्यायची, त्या चढवतात. तशी 'ओहोटी' चढली. पहिल्या तीन आठवड्यांत ती दोनशे बारा वेळा वाजली. त्यातल्या चाळीसेक वेळा मीच, कल्याणच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावता लावता. त्या रविवारी चेंदणीला चिराग जेवलाच नाही. बाबांनी मला हाताने खूण करून विचारलं, काय झालं. मी चिरागच्या फोनवर अल्बमचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि ऐकणाऱ्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं. दोनशे बारा. बाबांनी तो आकडा बराच वेळ पाहिला.

ही माझी चूक. तो आकडा मी त्यांना दाखवला.

पण त्या दोनशे बारात एक ऋजुता होती. नाशिकला दर वर्षी एप्रिलमध्ये संगीताचा कार्यक्रम भरवणाऱ्या लोकांतली. तिने मेल केली, पूर्ण अल्बम दोनदा ऐकला, शेवटच्या गाण्याने झोप उडवली, तुम्ही एकटे स्टेजवर पाऊण तास वाजवाल का? चिरागने ती मेल मला वाचून दाखवली, मग पुन्हा एकदा दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी अनोळखी माणसाने त्याला बोलावलं होतं.

त्याच आठवड्यात आकडा वाढायला लागला. दोन हजार, नऊ हजार, चार दिवसांत सव्वीस हजार. चिरागने कुठल्या शहरातून लोक ऐकताहेत ते काढून पाहिलं. दोन परदेशी शहरं निघाली, ज्यांची नावं आम्हाला नीट उच्चारताही येईनात. तो म्हणाला, काहीतरी गडबड आहे, तिथे कोणाला मराठी येतं? मी म्हणाले, गाणं आवडायला भाषा लागते का? त्याला ते पटवून घ्यायचं होतं आणि मलाही. तीन-चार दिवस आम्ही दोघं फार खूश होतो. उगाच लपवत नाही.

सोमवारी सकाळी कंपनीची मेल आली. तुमच्या गाण्यांना खोटे ऐकणारे लावले गेले आहेत. मशीनकडून गाणी वाजवून आकडा वाढवला गेला आहे. हा नियमभंग आहे. तुमचा अल्बम सगळीकडून काढण्यात आला असून तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.

चिरागने उत्तर लिहिलं, मी हे केलेलं नाही. पाच मिनिटांत परत तेच पत्र आलं, शब्दही न बदलता. त्याने पुन्हा लिहिलं. फोन नंबर शोधला, तो नव्हताच. त्या आठवड्यात त्याने एकोणीस पत्रं लिहिली. शेवटच्या पत्रांमध्ये तो हात जोडत होता. मी ती वाचली आहेत. माझा नवरा कोणाला अशी विनवणी करेल असं मला वाटलं नव्हतं. पलीकडे माणूस आहे की नाही हेही कळत नव्हतं.

बुधवारी ऋजुताने विचारलं, तुमचं पान उघडत का नाही? बरोबरच्यांना ऐकवायचं आहे. चिरागने खरं ते लिहिलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. तिने फार सांभाळून लिहिलं होतं. माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण आमच्याकडच्या बाकीच्यांना आकडे विकत घेणारा कलाकार नको आहे, आणि मी त्यांना काय पुरावा देऊ?

त्यानंतर त्याने क्लासला जाणं सोडलं. फोन वाजत राहायचा, तो उचलायचा नाही. बाथरूममध्ये अ‍ॅम्पवर बसून राहायचा, दिवा न लावता. मी आंघोळीला जायचं म्हटलं की उठायचा आणि नंतर परत तिथेच. पुढच्या शनिवारी मी लॅबमधून लवकर आले, तर तो कॉम्प्युटरसमोर बसून एकेक गाणं पुसत होता. नुसती झालेली गाणी नाही, प्रत्येक वाद्याचं वेगवेगळं रेकॉर्डिंग. तीन गाणी गेलेली. मी वायरच ओढून काढली.

"ठेवून काय करू?" तो म्हणाला. "सात वर्षं घातली, दिपिका. आणि शेवटी काय, चोर."

हार्ड डिस्क मी माझ्या पर्समध्ये टाकली. त्यावर सगळ्याची आणखी एक प्रत होती, म्हणून ती तीन गाणी वाचली. पण मला डिस्कपेक्षा त्याची जास्त काळजी लागली होती. त्याला एकटं सोडून ड्युटीला जायची भीती वाटायला लागली. म्हणून रविवारी मी त्याला जवळजवळ ओढूनच चेंदणीला नेलं.

तिथे गेल्यावर तो जे कधी करत नाही ते त्याने केलं. बापासमोर बसून सगळं सांगितलं. भडाभडा, खाली मान घालून. बाबा त्याच्याकडे बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. ते पाहून चिराग आणखी चिडला. मग मी मेलचं मराठी करून फोनवर लिहिलं आणि बाबांना वाचायला दिलं. वाचता वाचता त्यांच्या हातातलं जाळं खाली पडलं.

चिराग म्हणाला, ज्याने हे केलं तो माझ्या हाती लागू दे. बाबा उठले आणि बाहेर गेले. आम्ही निघेपर्यंत परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या रखमाबाईंचा मला फोन आला. गुणाजी सकाळी सातला घराबाहेर पडलाय, अजून पत्ता नाही, फोन घरीच पडलाय. मी लॅबमधून निघाले, चिरागला टिटवाळ्याहून बोलावून घेतलं. खाडीवर पाहिलं, जेट्टीवर पाहिलं, कोणी बघितलं नव्हतं. पाण्याकडे बघताना चिरागचा चेहरा बघवत नव्हता.

मग मी बाबांचा फोन उघडला. त्यात कल्याणच्या कोणा सर्वेशबरोबर लिहालिही होती. कल्याण पश्चिमेला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, जोडीला तो पैसे घेऊन गाण्यांचं 'प्रमोशन' करून द्यायचा. बाबांनी त्याला लिहिलेलं, माझ्या मुलाचं गाणं कोणी ऐकत नाही, ऐकणारे मिळतील का? सर्वेशने लिहिलेलं, काका, पाहिजे तेवढे. पुढे रोज एक फोटो, अल्बमच्या पानाचा, वाढलेल्या आकड्यासह. पैसे किती दिले ते बाबांनी आजवर सांगितलेलं नाही.

चिरागने ते सगळं वाचलं. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, चल कल्याणला. रस्ताभर मी मनात देवाचं नाव घेत होते, की याने बापावर हात टाकू नये.

दुकान एका अरुंद गल्लीत होतं. बाबा दुकानासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले, आमच्याकडे पाठ करून. सर्वेश, पंचविशीचा मुलगा, आम्हाला बघून रडकुंडीला आला. सकाळपासून बसलेत, तो सांगू लागला. म्हणतात, जे ऐकलं ते परत घे, पोराचं गाणं होतं तसं करून दे. मी किती वेळा सांगितलं, काका, वाजलेलं परत घेता येत नाही. ते फक्त मान हलवतात आणि बसून राहतात.

"बाबा," चिराग मागून ओरडला. गल्लीतले लोक वळले. बाबा वळले नाहीत. "बाबा, मी बोलतोय."

तेवढ्यात एक टेम्पो रिव्हर्समध्ये गल्लीत शिरत होता. मागे येताना वाजतो तो टीं टीं आवाज, वर क्लीनर गाडीला थापा मारून ओरडतोय, दुकानदार ओरडताहेत. बाबा स्टुलावर स्वस्थ. टेम्पोचा मागचा फाळका त्यांच्या खांद्यापासून हातभर राहिला, तेव्हा चिराग झेपावला आणि स्टुलासकट त्यांना ओढलं. दोघंही खाली पडले. बाबा दचकून टेम्पोकडे बघत राहिले, तो आत्ताच कुठून तरी उगवला असावा तसे.

मी लॅबमध्ये काम करते. रोज शंभर माणसांचे आजार माझ्या हातून जातात. आणि दर रविवारी मी या माणसाला वाढत होते. ते फोन कधी उचलायचे नाहीत, फक्त लिहून पाठवायचे. टीव्ही कधी लावायचे नाहीत. काही विचारलं की तोंडाकडे बघून हां हां करायचे. मला वाटायचं, कमी बोलणारा माणूस.

चिराग जमिनीवरच बसून होता. त्याचा आवाज एकदम खाली आला. "का केलंस हे? एकदा तरी ऐकलंस का बाबा, मी काय गातो ते?"

बाबांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. कळलं असावं.

"मना आयकू येत नाय रे," ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्याने. "कवापासना नाय येत. तुझा गाना चांगला का वाईट, मना कसा कलनार? आकडा कलतो. आकडा कमी होता, तू जेवला नाय. मंग मी आकडा वाढवला."

सर्वेशने आम्हाला पाणी आणून दिलं. चिराग ज्या रागाने आलेला, तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. त्याने बाबांच्या पँटची धूळ झटकली. मग बाबांनी बाकीचं आपणहूनच सांगितलं, त्या स्टुलावर परत बसून, भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

होडीच्या इंजिनाशेजारी चाळीस वर्षं गेली, तिथेच कान गेले. आधी डावा, मग उजवा. हे फक्त सासूबाईंना माहीत होतं, म्हणून त्याच सगळ्यांत पुढे होऊन बोलायच्या. अकरा वर्षांपूर्वी थंडीत, पहाटेच्या धुक्यात, मागून रेती वाहणारी मोठी बोट, बार्ज, येत होता. भोंगा देत होता. बाबांना ऐकू आला नाही. शेजारून येणारा, कोळीवाड्यातलाच तानाजी हातवारे करत बाबांना वाचवायला आपली छोटी होडी मध्ये घालत होता. बार्जने त्याची होडी उलटवली. तानाजी वाचला, पण त्याचा पाय गुडघ्यात कायमचा गेला. त्याने कोणाला बाबांचं नाव सांगितलं नाही. बाबांनी महिन्याभरात होडी विकली आणि ते सगळे पैसे तानाजीच्या दवाखान्यात घातले.

"गान्यात काय हाय तुझ्या?" सांगून झाल्यावर त्यांनी चिरागला विचारलं.

चिराग म्हणाला, पाणी आहे. खाडी आहे. आणि माझ्याकडे बघितलं, गप्प बस म्हणून.

त्या रात्री चिराग झोपला नाही, पण बाथरूममध्येही गेला नाही. दोन दिवसांनी त्याने आठव्या गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून काढले. मी म्हटलं, कशाला देतोस त्यांना हे? त्यांना कधी कळणारही नाही. तो म्हणाला, म्हणूनच द्यायला पाहिजे.

चेंदणीला आम्ही दाराशीच बसलो. बाबांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचलं. 'बापाची छाती गेली' या ओळीशी बोट थांबलं. चिराग उठून उभा राहिला होता. मला वाटलं, पळतोय की काय हा.

"बरोबर हाय," बाबा म्हणाले. "घाबरलोच व्हतो मी. पन यात तानाजीचा नाव नाय. तो टाक."

चिराग तिथेच उंबऱ्यावर बसला आणि रडला. बाबांना त्याचा आवाज येत नव्हता. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि बऱ्याच वेळाने त्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

पुढचं थोडक्यात. ठाण्यात बाबांच्या कानांची तपासणी करून घेतली. डाव्याने काहीच नाही, उजव्याने अगदी जवळून ओरडलं तर थोडंसं. मशीन बसवलं. त्याने माणसाचं बोलणं थोडं कळतं, पण गाणं म्हणजे पत्र्यावर कोणी खडे टाकल्यासारखं वाटतं म्हणाले. चिरागने एकदा त्यांच्या समोर बसून वाजवून पाहिलं. बाबांनी गाणं होईपर्यंत दात आवळून धरले आणि संपल्यावर मशीन काढून ठेवलं. दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

कंपनीला सर्वेशच्या लिहालिहीसकट सगळं कळवलं. तेच पत्र आलं. नाशिकचा कार्यक्रम एप्रिलमध्ये झाला, चिरागच्या जागी दुसरं कोणी वाजवलं. त्या संध्याकाळी तो घोडबंदर रोडच्या एका चौदाव्या मजल्यावर नऊ वर्षांच्या मुलीला पहिला कॉर्ड शिकवत होता. क्लास त्याने परत धरले, निम्म्या लोकांनी तोवर दुसरा शिक्षक बघितलेला. जूनमध्ये दुसऱ्या एका कंपनीने 'ओहोटी' घेतली. आधीचं सगळं पुन्हा शून्यापासून. एका महिन्यात सत्तावन्न. मी आता आकडा बघत नाही.

त्यात सातच गाणी आहेत. आठवं त्याने दिलं नाही.

ते तो नव्याने करतोय. आठवड्यातून दोनदा क्लास संपवून चेंदणीला जातो, तानाजीकाकांनाही बोलावतो. ते लंगडत येतात, मग तिघं दाराशी बसतात. तानाजीकाका सांगतात तसं चिराग वहीत लिहितो आणि वही बाबांसमोर धरतो. बाबा वाचून कधी मान हलवतात, कधी पेन्सिल घेऊन खोडतात. त्या सकाळी धुकं किती होतं यावरच दोघा म्हाताऱ्यांचं एकमत होत नाही. घरी आला की चिराग गोधड्यांच्या खोलीत जाऊन दार लावतो. एक ओळ ऐकू येते, मग परत तीच, मग काहीच नाही. काल मी विचारलं, कुठवर आलं? अजून भोंग्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही, म्हणाला.